‘व्हय बाई’ म्हणणारे हवालदार

माझ्याशी कुणी भांडलं तर मला चालतं. उलट बरंच वाटतं, समोर माणूस आहे याची खात्री पटते. पण माझं बोलणं ऐकून नुसती मान डोलवणारा कुणी भेटला, की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नव्वदच्या दशकात साताऱ्यात माझ्या वाट्याला एक काम आलं, आणि त्या कामात असा एक माणूस महिन्यातून एकदा माझ्यासमोर येऊन बसायचा. मी काहीही बोलले तरी त्याचं उत्तर ठरलेलं. ‘व्हय बाई. बराबर हाय.’

मी तेव्हा साताऱ्यातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते. तिथल्या एका क्रीडासंस्थेनं सातारा-सांगली भागातल्या मुलींच्या संघांसाठी पगारी प्रशिक्षक नेमले होते. संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर कुठून तरी आलं होतं, की खेळाडूंना शिकवणाऱ्या माणसाचीही कुणीतरी विचारपूस करावी लागते. तो का चिडतो, कुणावर जास्त चिडतो, हरल्यावर घरी जाऊन काय करतो, हे त्याच्याशी बसून बोलावं लागतं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पोरींना प्रशिक्षक सांभाळतात. प्रशिक्षकांना तुम्ही सांभाळा.’’

‘‘अहो, मला खेळातलं ओ की ठो कळत नाही!’’ मी म्हटलं.

‘‘खेळ त्यांना कळतो. तुम्ही त्यांची डोकी बघा.’’

झालं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आमची बैठक भरू लागली. बाक पाचवीच्या मुलांचे. त्यात ही धिप्पाड मंडळी गुडघे पोटाशी घेऊन बसायची. शिपाई आलं घातलेला चहा आणून द्यायचा, तो पिता पिता मी सुरू व्हायची. सुरुवातीला मी सिद्धांतांची पोतडीच उघडली. चांगलं वागल्यावर लगेच कौतुक झालं तर ते वागणं टिकतं. शिक्षेनं चूक थांबते, पण शिक्षा करणाऱ्याची पाठ वळेपर्यंतच. मुलगी जिंको की हरो, ती आपल्याला हवीच आहे हे तिला कळलं पाहिजे. मुलींना प्रशिक्षकात बाप दिसतो, मास्तर दिसतो, आणि बापाशी त्या जशा वागतात तशाच त्या तुमच्याशी वागणार. हे सगळं मी हातवारे करून सांगायची.

मिरजेहून येणारी एक कबड्डीची प्रशिक्षिका होती. तिला सगळे ताई म्हणत. बौद्ध वस्तीत वाढलेली, बाप शाळामास्तर, आणि घरात ‘का?’ विचारल्याशिवाय कुणाचंच काही मान्य व्हायचं नाही असं ती अभिमानानं सांगायची. ती माझं एक वाक्य सरळ पुरं होऊ देत नसे. ‘‘पकड सुटली तरी पाठ थोपटायची? मग तिला चुकलं ते कळणार कधी, पुढच्या जन्मी?’’ मी चिडायची, ती चिडायची, आणि बैठक संपली की आम्ही दोघी हसत हसत स्टँडवर भेळ खायला जायचो.

आणि ताईच्या शेजारच्या बाकावर हवालदार. वडूजकडचे. वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले, हे मात्र फौजेत गेले, हवालदार होऊन परतले, आणि वडूजच्या मुलींना खो-खो शिकवू लागले. मिशा अशा, की समोरच्यानं आपोआप सरळ उभं राहावं. माझ्यासमोर मात्र, ‘व्हय बाई.’ मी विचारायची, ‘‘हवालदार, तुम्हाला काय वाटतं?’’ ‘‘तुमी म्हणताय ती बराबर हाय.’’ ‘‘अहो पण तुमचं मत?’’ ‘‘त्येच की.’’ कपाळ माझं!

बरं, त्यांचा प्रश्न लहानसहान नव्हता. वडूजच्या मैदानावर त्यांच्या मुली विजेसारख्या पळायच्या, मी स्वतः पाहिलं होतं. पण सांगलीच्या स्पर्धेत गेल्या की त्याच मुलींना काय व्हायचं देव जाणे. खो-खोत पाठलाग करणारी मुलगी बसलेल्या जोडीदारणीच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणते आणि मग ती उठून पळते. खो नेमका कधी द्यायचा, यातच सगळं आलं. सांगलीत या मुली खो द्यायच्या क्षणीच बावचळायच्या. आधीच्या वर्षी पहिल्याच सामन्यात हरून घरी परतल्या होत्या. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘यंदाही सांगलीत असंच झालं, तर हवालदारांना नारळ द्यावा लागेल. तुम्ही त्यांचं डोकं बघताय, तेव्हा शेवटी तुमचंच मत विचारणार मी.’’

हे हवालदारांच्याही कानावर गेलं होतं. एकदा बैठकीनंतर ते मागं रेंगाळले. म्हणाले, ‘‘बाई, पेन्शन हाय, शेत हाय, खायला काय कमी न्हाई. पर सकाळी पाच वाजता उठून मैदानावर जायाचं नसंल, तर मी उठू कशापायी?’’ आणि मिशीवरून हात फिरवत निघून गेले. वर्षभरात त्यांच्या तोंडून ऐकलेलं त्यांचं स्वतःचं तेवढंच एक वाक्य. या माणसाला वाचवायचं तर कसं, हा तोंडच उघडत नाही!

अशी अडले की मी वाईला जायची. वाईला माझे सर राहायचे. निवृत्त झालेले, मला एम.ए.ला शिकवलेले, चुरमुऱ्यांची वाटी मांडीवर घेऊन बसणारे. प्रशिक्षकांवर मी, माझ्यावर सर, अशी ती उतरंड होती. ‘‘आणि सर, तुमच्यावर कोण?’’ असं मी एकदा विचारलं, तर आतून काकू ओरडल्या, ‘‘मी आहे की!’’

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चुरमुरे संपवले. मग म्हणाले, ‘‘पुढच्या बैठकीत त्यांना मुद्दाम काहीतरी मूर्खासारखं सांग. ढळढळीत चुकीचं. ते ‘नाही’ म्हणतात का बघ. म्हणाले तर त्या धाग्यानं पुढं बोलता येईल.’’

मला ती युक्ती अजिबात पटली नाही. मोठ्या माणसाशी असा खेळ करायचा? पण सरांनी सांगितलेलं. मी म्हटलं, ‘‘हो सर.’’ आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

पुढच्या बैठकीत मी गंभीर चेहऱ्यानं हवालदारांना म्हटलं, ‘‘रविवारी तुमचा सराव सामना आहे ना? सामन्याआधी मुलींना पोटभर पुरणपोळी खायला घाला. वर तूप. गोड खाल्लं की मन मोकळं होतं.’’

ताईनं डोळे वटारले. मी हवालदारांच्या ‘नाही’ची वाट बघत बसले. हवालदारांच्या कपाळावर एक आठी आली, मला दिसली ती, आणि विरून गेली.

‘‘व्हय बाई.’’

मी पुढं काही बोलायच्या आत ते वडूजची गाडी पकडायला पळाले. मी ताईला म्हटलं, ‘‘छे, कुणी खरंच करेल का असलं काही!’’ ताई म्हणाली, ‘‘बाई, रविवारी आपण दोघी वडूजला जाऊया. मला काही खरं दिसत नाही.’’

आम्ही मैदानावर पोचलो, आणि लांबूनच मला वेलचीचा वास आला. अरे देवा! हवालदारांच्या मंडळी पहाटे उठून पुरण वाटत बसल्या होत्या. मैदानाच्या कडेला निंबाच्या सावलीत मुलींची पंगत नुकतीच उठली होती. आणि आमच्याकडची पंगत म्हणजे काय सांगायचं! पानात पडलेलं टाकायचं नाही, आणि वाढणारीनं ‘आणखी एक, आणखी अर्धी’ केल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. पोरी करंगळीनं ढकलल्या तरी पडतील अशा झाल्या होत्या. शिट्टी वाजली आणि सामना सुरू झाला. वीजबीज कसली, धान्याची पोती सरकत होती मैदानावर. एक मुलगी खो मिळाल्यावर उठलीच नाही. ‘‘ऊठ की गं!’’ म्हणून मागचीनं तिला हलवलं, तर ती म्हणाली, ‘‘थांब की जरा.’’ समोरचा संघ पळणं सोडून हसत होता.

माझा संताप अनावर झाला. सामना संपताच मी हवालदारांना गाठलं. ‘‘हवालदार! हे चुकीचं आहे असं तुम्हाला वाटलं नाही?’’

‘‘वाटलं की. लय वाटलं.’’

‘‘मग?’’

‘‘तुमी सांगितलं न्हवं?’’

मी वळून कप्तान मुलीला विचारलं. काटक पोर, डोळे तरतरीत, एरवी बोलायला चुरचुरीत. ‘‘तुला गं? खेळायच्या आधी पुरणपोळी खाऊ नये हे कळत नाही तुला?’’

‘‘कळतंय की बाई. पर सरांनी सांगितलं.’’

ताई कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. तिनं शांतपणे मला विचारलं, ‘‘आणि बाई, तुम्हाला हे कुणी सांगितलं?’’

‘‘माझ्या सरांनी,’’ मी म्हटलं.

ताईला आधी बारीक हसू फुटलं, मग ती निंबाच्या बुंध्याला टेकून खो खो हसायला लागली. मग मी. मग मुली, पोट धरून, कारण हसताना त्यांची पोटं दुखत होती. हवालदारांना काय चाललंय ते उमगेना. वाईच्या चुरमुऱ्यांच्या वाटीपासून वडूजच्या निंबाखाली बसलेल्या शेवटच्या पोरीपर्यंत सगळ्यांना हे चूक आहे हे ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी मुकाट मान डोलावली होती.

हसता हसता ताई एकदम थांबली. ‘‘बाई, या पोरी सांगलीला घाबरत नाहीत. इथं हवालदार कडेवरून ‘दे!’ म्हणून ओरडतात, तेव्हा त्या खो देतात. सांगलीत हलगी वाजते, माणसं ओरडतात. यांचा आवाज पोचतच नाही. पोरी हुकमाची वाट बघत राहतात.’’

मी चित्रकलेच्या वर्गात कसले कसले सिद्धांत मांडत बसले होते, आणि उत्तर हलगीत होतं!

त्याच आठवड्यात मी वाईला गेले. पायरी चढता चढताच म्हटलं, ‘‘सर, तुमची युक्ती अगदी भिकार होती.’’ आतून भांडं पडल्याचा आवाज आला, काकूंच्या हातातून काहीतरी सुटलं असावं. सर मात्र असे खूष झाले, की त्यांनी स्वतः उठून मला चुरमुरे आणून दिले. ‘‘तू मला पहिल्यांदा ‘नाही’ म्हणालीस,’’ ते म्हणाले. मग त्यांनी मला ते समजावून सांगितलं, जे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला मुळीच कळलं नव्हतं. जे खाली मैदानावर प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यात चाललेलं असतं, तेच वर खोलीत प्रशिक्षक आणि त्याला सांभाळणारा यांच्यातही चालू असतं. पोरी हवालदारांशी वागतात तसे हवालदार तुझ्याशी वागतात. म्हणून तू त्यांच्यावर चिडतेस तेव्हा नीट बघ, मैदानातलंच काहीतरी तुझ्या खोलीत आलेलं असतं. आणि हे वरून खालीही जातं. ‘‘तू त्यांना ‘नाही’ म्हणू दे,’’ सर म्हणाले, ‘‘ते पोरींना म्हणू देतील.’’

‘‘म्हणू देतील कशावरून?’’ मी म्हटलं. सर आणखीनच खूष झाले.

आम्ही बैठकीत नवा नियम केला. प्रत्येकानं आल्या आल्या माझी एक तरी गोष्ट खोडून काढायची, त्याशिवाय बसायचं नाही. ताईसाठी तो सण होता. हवालदार दाराशी उभे. घाम फुटलेला. मी म्हटलं, ‘‘उभे राहा, मला घाई नाही.’’ शिपाई चहा घेऊन आला, त्यानं कप पुढं केला, आणि हवालदार एकदम म्हणाले, ‘‘नगं.’’

‘‘काय?’’

‘‘च्या नगं. मला आल्याचा च्या सोसत न्हाई बाई. छातीत जळतंय.’’

‘‘अहो, वर्षभर पिताय की!’’

‘‘व्हय,’’ ते म्हणाले. मग जरा विचार करून, ‘‘आता न्हाई पिणार.’’

ताईनं टाळ्या वाजवल्या. मला तर त्यांना मिठीच मारावीशी वाटली, पण सातारा गाव, चित्रकलेचा वर्ग, गप्प बसले.

मग वडूजला हवालदारांनी आपल्या परीनं सुरुवात केली. तोंडातून ‘दे!’ निघू नये म्हणून ते खांद्यावरच्या पंच्याचं टोक दातात धरून मैदानाच्या कडेला बसू लागले. पोरींना हसू आवरेना. सुरुवातीचे दिवस नुसता गोंधळ. मुली कडेला बघायच्या, तिथं पंचा चघळणाऱ्या मिशा. कुणी फार लवकर खो द्यायची, कुणी देतच नसे. हवालदार बैठकीत येऊन सांगायचे, ‘‘बाई, माझा जीव वर-खाली होतुया. हुकूम न देता बसणं लई अवघड हाय. सीमेवर परवडलं!’’ मी विचारायची, ‘‘सोडून द्यायचं का?’’ ते म्हणायचे, ‘‘न्हाई.’’ आता हा शब्द त्यांना चांगलाच सापडला होता.

आणि एका शनिवारी ते बाकावर बसायच्या आधीच बोलायला लागले. ‘‘काल काय झालं म्हाईत हाय का? मला राहवलं न्हाई, पंचा सुटला, मी वरडलो, दे! तर कप्तान पळता पळता म्हणती, ‘न्हाई सर, ती अजून लांब हाय!’ अन् दिलाच न्हाई खो! माझ्या तोंडावर, बाई!’’

‘‘राग आला?’’

‘‘आला की! कानशिलं तापली. पर ती बराबर व्हती. गड्याहो, ती बराबर व्हती!’’ आणि हा फौजी माणूस पाचवीच्या बाकावर मांडीवर थाप मारून हसला. तसा मोकळा हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

सांगलीची स्पर्धा आली. गाठ पडली ती नेमकी आधीच्या वर्षी त्यांना हरवणाऱ्या संघाशीच. मैदानाभोवती माणूस माणसाला चिकटलेला, चार-पाच हलग्या कडाडतायत, शेजारच्या ताईचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. अध्यक्ष खुर्चीत. हवालदार कडेला पंचा दातात धरून. मला खेळ कळत नव्हता, म्हणून ताई मला कानाशी ओरडून सांगत होती: गुण बरोबरीत आहेत, वेळ संपत आलीय, आता एक गडी बाद झाला की जिंकलो. कप्तान पाठलागावर होती. पळणारी मुलगी खांबाकडे चालली होती. हवालदारांच्या तोंडातला पंचा गळून पडला. ते उभे राहिले आणि दोन्ही हात हलवून खूण करू लागले: दे, खो दे! कप्ताननं त्यांच्याकडे पाहिलं. स्पष्ट पाहिलं. आणि भर मैदानात, शेकडो लोकांसमोर, मान हलवली. नाही. ती तशीच पळत गेली, खांबाला धरून तिनं सूर मारला आणि आडवी होत पळणारीच्या टाचेला हात लावला.

पुढचं मला नीट आठवत नाही. ताईनं मला उचललं होतं एवढं आठवतं.

गर्दी जरा पांगली तशी अध्यक्ष आमच्याकडे आले. चेहरा विचारात पडलेला. ‘‘अभिनंदन, हवालदार. पण एक कळलं नाही. तुम्ही खो दे म्हणता आणि ती पोरगी चक्क नाही म्हणते. सगळ्या सांगलीनं बघितलं. पोरी तुमचं ऐकतच नसतील, आपल्या आपण जिंकत असतील, तर तुमचं काम काय उरलं?’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘तुमचं मत मी विचारणार होतो. सांगा. ठेवायचे, की नारळ द्यायचा?’’

मी छाती भरून श्वास घेतला. सगळे सिद्धांत जिभेवर तयार होते. याच दिवसासाठी तर मी वर्षभर डोकं आपटलं होतं.

हवालदारांनी माझ्यापुढं हात आडवा धरला. ‘‘बाई, तुमी थांबा. माझं मी बोलतो.’’

आणि ते अध्यक्षांकडे वळले.

‘‘सायेब,’’ ते म्हणाले, ‘‘पोर ऐकत न्हाई, ते खरं हाय. तिला आतनं दिसतंय ती मला कडंनं दिसत न्हाई. आता त्यांना माझा हुकूम लागत न्हाई, ह्ये बी खरं. पर मी आजवर कुणाला काय मागितलं न्हाई. धाडलं तिकडं गेलो, दिलं ती खाल्लं. आज मागतो. मला नारळ देऊ नगासा. मला ह्या पोरींत ऱ्हायचं हाय.’’ शेवटी आवाज फुटला, आणि मिशांचा काही उपयोग झाला नाही.

अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘काय हो, एरवी तर तुमच्या तोंडाचा पट्टा चालू असतो. आज बोलत का नाही?’’

‘‘मला थांबायला सांगितलंय त्यांनी,’’ मी म्हटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायचंही भान नव्हतं.

अध्यक्ष हसले. ‘‘राहा हो हवालदार,’’ ते म्हणाले. ‘‘मी कोण नको म्हणणार!’’

हवालदारांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि पोरींकडे धूम ठोकली. पलीकडून एकच कल्ला उठला. मी तिथंच मैदानाच्या कडेला उभी राहून, लाजबीज सोडून, मोठमोठ्यानं रडले.